बोकडाचं रक्त

खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहिलात आणि यमुनाबाई ओव्हाळांच्या हातचं मटण खाल्लं नाहीत, तर मग तिथे राहिलात कशाला, असं तिथली माणसं तोंडावर विचारत. विहारातलं जयंतीचं जेवण असो की कुणाच्या पोरीचं लग्न, मोठ्या पातेल्यापाशी पदर खोचून यमुनाबाईच उभ्या. आचारी ठरवलेला असला तरी मसाला टाकण्याआधी तो यमुनाबाईंच्या तोंडाकडे बघायचा. त्यांचं माहेर खडकवासल्याकडच्या एका खेड्यातलं. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, त्यामुळे लहानपणी पोट कधी धड भरलंच नाही. त्याचं उट्टं काढायचं म्हणूनच की काय, लग्न होऊन खडकीत आल्यापासून त्यांनी दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नव्हतं. पोस्टमन, गॅसवाला, विम्याचा एजंट, सगळ्यांना काही ना काही खावंच लागे. नको म्हणणाऱ्याचा त्यांना राग येई, आणि तो राग चांगला मुरलेला असे.

त्यांचे यजमान सुखदेवराव दारूगोळा कारखान्यात फिटर होते. ताठ मानेचा, कमी बोलणारा माणूस. बायकोचं कौतुक त्यांनी उभ्या जन्मात तोंडाने केलं नाही. जेवण आवडलं की ते ताट बोटभर पुढे सरकवत, म्हणजे अजून वाढ. यमुनाबाईंना तेवढं पुरायचं. लोकांनी कितीही वा वा केली तरी त्यांचा डोळा त्या ताटावर असायचा.

एकुलती एक मुलगी चैताली इंजिनियर झाली आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. सकाळी कंपनीची बस हमरस्त्यावर येऊन तिला घेऊन जाई तेव्हा अख्ख्या क्वार्टर्समधली माणसं गॅलरीत येत. पोरगी गुणाची, पण नव्या जगात वावरताना तिला काही गोष्टी सलू लागल्या होत्या. एका रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या. यमुनाबाईंनी न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि रक्ती वाढली. रक्ती म्हणजे बोकडाचं गोठलेलं रक्त उकडून कांदा-मिरचीवर परतायचं, सुखदेवरावांचा जीव की प्राण. मैत्रिणींनी विचारलं, हे काय? चैताली पटकन म्हणाली, "भुर्जीचाच एक प्रकार आहे." त्या गेल्यावर आईला म्हणाली, "आई, आपण काय खातो ते प्रत्येकाला सांगायलाच पाहिजे का?"

"म्या कुटं सांगितलं? म्या वाढलं," यमुनाबाई म्हणाल्या. पण ते बोलणं त्यांच्या मनात रुतून बसलं.

तर त्या वर्षी चैतालीच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांची तपासणी फुकट करून द्यायची टूम काढली. चैताली दोघांना रविवारी घेऊन गेली, दंडातून रक्त काढलं, कापसाचा बोळा धरून दोघं परत आली. सुखदेवरावांना अलीकडे जिना चढताना दम लागायचा, पण जिन्यात सगळ्यांनाच दम लागतो, आणि साठी जवळ आली की जास्त लागतो, असं त्यांचं मत होतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. यमुनाबाईंचं सगळं ठणठणीत. सुखदेवरावांचं हिमोग्लोबिन आठाच्याही खाली.

"म्हंजे काय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पप्पांच्या अंगात रक्त कमी आहे. जेवढं पाहिजे त्याच्या जवळपास निम्मं."

यमुनाबाई मटकन खाली बसल्या. दुसरी एखादी बाई नवऱ्याच्या काळजीने बसली असती. यमुनाबाईही काळजीनेच बसल्या, पण त्याआधी क्षणभर त्यांना जे वाटलं ते निराळं होतं. आपल्या स्वयंपाकघराची कुणी भर चौकात अब्रू काढली, असं त्यांना वाटलं. आणि वाटलं ते काही खोटं ठरलं नाही. शेजारच्या जयाबाई संध्याकाळपर्यंत हजर.

"दिव्याखाली अंधार म्हणायचा, यमुनाबाई! सगळ्या खडकीला जेवू घालता, आणि घरच्या माणसाच्या अंगात रक्त नाही?"

जयाबाईंचा स्वभाव काही वाईट नव्हता. फक्त सुई कुठे टोचायची, हे त्यांना दवाखान्यातल्या नर्सपेक्षा बरं कळायचं.

चैताली वडिलांना डॉक्टर उत्कर्षा मॅडमकडे घेऊन गेली. यमुनाबाईही गेल्या. मॅडमनी आणखी रक्त काढायला लावलं. शरीरातलं लोखंड किती, त्याचा साठा किती, व्हिटॅमिन आहेत का, मूत्रपिंडं ठीक आहेत का. सगळं हातात आल्यावर त्यांनी तिघांना समोर बसवलं. बाई तुटक बोलायची, पण समजावून सांगायची.

"बाकी सगळं बरं आहे. लोखंड नाही म्हणून रक्त नाही. आणि साठ्यातलंही संपलंय. आजी, तुमच्या घरी धान्याची कणगी होती का?"

"म्हायेरी व्हती की."

"कणगी रिकामी झाली तर कारणं दोन. भरणारा कमी भरतोय, नाहीतर खाली भोक पडलंय. बायकांचं रक्त दर महिन्याला जातं, तिथे मी आधी तो विचार करते. पण पुरुषाचं, या वयात, लोखंड संपलं तर पहिला संशय पोटावर. आतड्यातून थोडं थोडं झिरपतं, डोळ्यांना दिसतही नाही. रक्ताच्या तपासणीने एवढंच कळलं की कणगी रिकामी आहे. भोक कुठे आहे ते बघायला दुर्बीण घालावी लागेल. तोंडातून एक आणि खालून एक."

"खालून?" सुखदेवरावांनी विचारलं.

"हो."

सुखदेवराव उठले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले. चैतालीने हात धरला, मॅडमनी सांगून पाहिलं की गुंगी देतात, काही कळत नाही. पण ज्या माणसाने शर्टाचं वरचं बटण कधी उघडं ठेवलं नाही, त्याला ही गोष्ट पटणार कशी? शेवटी ते दारातूनच म्हणाले, "तीन महिने द्या मला. तोवर रक्त वाढलं नाही, तर म्हणाल ती नळी म्हणाल तिथून घाला. वाढलं, तर विषय संपला."

"ही काय पैज लावायची गोष्ट आहे का?" मॅडम म्हणाल्या. पण पेशंट दाराबाहेर गेला होता. त्यांनी चैतालीला लोखंडाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि निदान शौचाची तरी तपासणी करा, त्यात लपलेलं रक्त कळतं, असं बजावलं. त्याआधी काही दिवस मांस खायचं नाही, हेही त्या म्हणाल्या. ते चैतालीने ऐकलं, पण जिन्यात वडिलांशी वाद घालता घालता तिच्या डोक्यातून निघून गेलं. यमुनाबाईंनी मात्र अख्ख्या संभाषणातला एकच शब्द घट्ट धरून घरी आणला होता. भरणारा कमी भरतोय.

मग काय विचारता! माळ्यावरची माहेरची लोखंडी कढई खाली आली. ती गंजली होती; राखेने, चिंचेने घासून यमुनाबाईंनी तिला काळीभोर केली. माठ, शेपू, पालक त्या कढईत. अळिवाचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे डब्यात. भाजीवर लिंबू पिळायचं, जेवणावर चहा बंद. चहा बंद झाल्यावर सुखदेवराव चार दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण शर्त त्यांचीच होती, तेव्हा सांगतात कुणाला? बाजारातून एक दिवसाआड कलेजी येऊ लागली, आणि रविवारची रक्ती बुधवारीही होऊ लागली. बाळंतपणात यमुनाबाईंना त्यांच्या आईने हेच खाऊ घातलं होतं. रक्ताला रक्तच लागतं, असं ती म्हणायची. सुखदेवराव मुकाट्याने खात आणि ताट बोटभर पुढे सरकवत. यमुनाबाईंना बरं वाटे. परीक्षेला बसलेल्या पोराला आई बदाम चारते तसं त्यांचं चाललं होतं.

दोन आठवड्यांनी सुखदेवराव सकाळी संडासातून आले ते तोंड पाडून. बराच वेळ घुटमळून बायकोला म्हणाले, "काळं होतंय गं. डांबरासारखं."

चैतालीने मॅडमना फोन केला. "लोखंडाच्या गोळ्यांनी तसं होतं," मॅडम म्हणाल्या, "पण शौचाची तपासणी झाली का? ती आधी करा." तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन तिघं पुन्हा मॅडमच्या समोर बसली, आणि मॅडमचा चेहरा गंभीर झाला.

"यात रक्त आहे."

सुखदेवरावांच्या कपाळावर घाम आला. उभ्या संसारात यमुनाबाईंनी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. मॅडमनी विचारलं, "तपासणीच्या आधी मांसाहार बंद ठेवला होता ना? काय काय खाल्लं?"

यमुनाबाईंनी चैतालीकडे पाहिलं. चैताली मोबाईलकडे पाहत होती. आपण काय खातो ते प्रत्येकाला सांगायलाच पाहिजे का? पण नवऱ्याच्या कपाळावरचा घाम समोर दिसत होता. यमुनाबाई सावरून बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रक्ती खात्यात हे. बोकडाची. आन् कलेजी. आदल्या दिशी बी खाल्ली."

मॅडमनी नाक मुरडलं नाही की भुवई उडवली नाही. नुसतं पेन खाली ठेवलं. "मग या तपासणीला अर्थच उरला नाही. रक्त माणसाचं की बोकडाचं, हे ती सांगू शकत नाही. मांस बंद करून पुन्हा करा. आणि खरं सांगू? दुर्बीणच करा."

पण पुढचं ऐकतंय कोण! रिक्षात बसल्या बसल्या सुखदेवरावांना हसू फुटलं. असा माणूस हसायला लागला की थांबत नाही. "बोकडाचं रक्त सापडलं त्यांना! बोकडाचं!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले, रिक्षावालाही हसला. आठ दिवसांत हा किस्सा क्वार्टर्सभर झाला. कारखान्यात पोरं त्यांना बघून बें बें करायची. सगळ्यात गंमत म्हणजे चैतालीनेही तो ऑफिसात सांगितला, रक्ती म्हणजे काय ते न लाजता समजावून सांगितलं, आणि मैत्रिणींनी टाळ्या देऊन तो ऐकला. त्या संध्याकाळी ती आईच्या गळ्यात पडली. "आई, मी उगाच लपवत होते गं." यमुनाबाईंना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. तपासणी पुन्हा करायची राहिली ती राहिलीच.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. अकराच्या वर गेलं होतं. मॅडमनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

"जेवण तुम्ही उत्तम घातलंत, आजी," त्या म्हणाल्या. "गोळ्या आणि जेवण, दोन्हींनी वाढलंय. पण भरणं वाढवलं म्हणून कणगीत दाणे दिसतायत. भोक बुजलं असं मी म्हणणार नाही. हे दुर्बिणीचं लिहून देतेय, एवढं कराच."

"शर्त म्हणजे शर्त, मॅडम," सुखदेवराव म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला.

त्या वेळी यमुनाबाई बोलल्या असत्या तर? त्यांचं बोलणं सुखदेवराव वरवर झटकायचे, पण शेवटी ऐकायचे. चहा नव्हता का सोडला? पण यमुनाबाईंच्या कानात अजून तेच घुमत होतं, जेवण तुम्ही उत्तम घातलंत. डॉक्टरबाईने म्हटलं होतं ते, शिकल्या सवरल्या बाईने. त्या घरी आल्या, पेढे आणले, आणि पहिला पेढा जयाबाईंच्या हातावर ठेवला. जयाबाईंनी तो निमूट खाल्ला. तो पेढा पुढे यमुनाबाईंना जन्मभर कडू लागायचा होता, पण ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात सुखदेवरावांच्या पँटी ढगळ व्हायला लागल्या. चहा-साखर सुटली, सकाळचं चालणं सुरू झालं, होणारच बारीक, असं सगळे म्हणाले. रिटायर व्हायची वेळ जवळ आली होती, तेव्हा थकवाही समजण्यासारखा होता. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी विहारात पंगती बसल्या होत्या. यमुनाबाई पातेल्यापाशी, सुखदेवराव पाण्याचा जग घेऊन रांगेत. जग पडल्याचा आवाज झाला तेव्हा यमुनाबाई ओरडल्याही, "अवं, सांडलं का?" मग लोक धावताना दिसले.

या खेपेला कुणी सुखदेवरावांना विचारायच्या फंदात पडलं नाही. मोठ्या दवाखान्यात भरती केलं. रक्त पहिल्यापेक्षाही खाली गेलं होतं. बाटल्या चढवल्या आणि दुर्बीण घातली. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. मग पोटाचे फोटो काढले.

"यकृतात पसरलंय," तिथले डॉक्टर म्हणाले.

यमुनाबाईंनी चैतालीला हळूच विचारलं, "यकृत म्हंजे?"

"लिव्हर, आई."

"म्हंजे कलेजी," यमुनाबाई म्हणाल्या.

उत्कर्षा मॅडम भेटायला आल्या होत्या. त्या बाहेर पडताना यमुनाबाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "मागल्या साली ती दुर्बीण घातली असती, तर?"

मॅडम वळल्या. मग म्हणाल्या, "बहुतेक लवकर सापडली असती. बहुतेक काढता आली असती." खोटं बोलून धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. यमुनाबाईंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आणि त्या हाताने यमुनाबाईंना आणखीच रडू आलं.

घरी परतल्यावर यमुनाबाई एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत बसायच्या. काळं का होत होतं? गोळ्यांनी. ते खरंच होतं. तपासणीत रक्त का आलं? बोकडाचं. तेही खरं असेल. बारीक का झाले? चहा सोडला, चालायला लागले. तेही खरं. यातलं एक जरी कारण खोटं निघालं असतं, तर कुणाला तरी संशय आला असता. शिव्या द्यायला समोर कुणी असतं तर यमुनाबाईंनी दिल्या असत्या. नवऱ्याला द्याव्यात तर तो अंथरुणावर. मॅडमना द्याव्यात तर त्यांनी दर वेळी बजावलं होतं. चैताली स्वतःच उशीत तोंड खुपसून रडत होती, मांस बंद करायचं मीच विसरले म्हणून. आणि आपण? आपण फक्त जेवायला घातलं. जन्मभर जे चांगलं म्हणून केलं तेच केलं. त्यांनी कढई पुन्हा माळ्यावर टाकली. जयाबाई रोज डबा आणून द्यायच्या, काही न बोलता. जयाबाई बोलत नाहीत म्हटल्यावर यमुनाबाईंना प्रसंगाचं गांभीर्य आणखी कळलं.

केमो सुरू झाली. पहिल्या खेपेनंतर सुखदेवरावांना अन्नाचा वास नकोसा झाला. पुढची खेप द्यायच्या दिवशी आधी रक्त काढलं, आणि डॉक्टरांनी मान हलवली. "हिमोग्लोबिन फार कमी आहे. थोडं वर आल्याशिवाय डोस देता येणार नाही. बाटली लावू, शिरेतून लोखंडही देऊ. पण आजी, घरी जेवण चांगलं ठेवा. जेवलेच नाहीत तर काहीच लागू पडायचं नाही."

यमुनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. जेवण चांगलं ठेवा. मग त्यांनी मान डोलावली. दुसरं करता येण्यासारखं त्यांच्या हातात होतं तरी काय?

कढई पुन्हा माळ्यावरून खाली आली. या वेळी घासताना त्यांच्या हातात जोर नव्हता. हे अन्न माणसाला लागतंय की त्या गाठीला, हा विचार मनात आला की त्या गॅस बारीक करत, आणि मग पुन्हा मोठा करत. सुखदेवराव चार घास खात. मग उठून मोरीत जात आणि नळ सोडत, मोठ्या धारेने, म्हणजे ओकण्याचा आवाज बाहेर जाऊ नये. यमुनाबाईंना तो नळाच्या आवाजातूनही ऐकू येई. पण ते परत येऊन बसले की त्या विचारत, "तिखट झालं व्हतं का?" आणि ते म्हणत, "नाही गं. बरोबर होतं."

पुन्हा रक्त तपासायचं होतं त्याच्या आदल्या दुपारी यमुनाबाईंनी ताट वाढलं. मऊ भाकरी, पालेभाजी, कलेजीचे दोन बारके तुकडे. सुखदेवरावांनी ताटाकडे बघितलं. त्यांचे गाल आत गेले होते, आणि शर्टाचं वरचं बटण तरीही लावलेलं होतं.

"उद्या रिपोर्ट बरा येईल ना गं?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत बायकोला त्यांनी असं काही विचारलं नव्हतं.

यमुनाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येईल की. मागल्या साली न्हवता का आला?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी पदर तोंडाशी नेला. सुखदेवरावांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कसाबसा गिळला, आणि ताट बोटभर पुढे सरकवलं.